धनुर्धाऱ्याला नुसतं डॅमेज वाढवून देऊ नका

तुम्ही म्हणताय की तुमच्या रोल-प्लेइंग खेळात आर्चर, म्हणजे धनुर्धारी पात्र, खेळणारा मागे उभा राहून दर टर्नला बाण सोडतो नि बोअर होतो, तर डॅमेज (बाणाने होणारी इजा) वाढवून ते सुटणार नाही, त्याला दर टर्नला काहीतरी ठरवायला लागलं पाहिजे. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लाँगबोची (लांब धनुष्याची) रेंज 150 फूट, त्यापुढे 600 पर्यंत डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), अर्ध्या आडोशाला एसी (नेम लागायला फाशावर गाठावा लागणारा आकडा) +2, पाऊण आडोशाला +5, पण नकाशाच मोकळं मैदान असेल तर हे आकडे कागदावरच राहतात ना!

मला खरी मजा ताणून धरण्यात दिसते. जड धनुष्य ताणून फार वेळ धरता येत नाही, हात थरथरायला लागतो, क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं यांत्रिक धनुष्य) मात्र भरून दाराकडे रोखून बसता येतं पण परत भरायला वेळ जातो. म्हणजे धनुष्याला "थांबून नेम" एकच टर्न, पुढच्या टर्नला सोडा नाहीतर दम खर्च करा. बघा, लगेच दोन वेगळी शस्त्रं झाली.

आणि क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, सुरुवातीलाच कुलूपबंद नको. आर्चर हा क्लास न ठेवता धनुर्विद्या ही कुणालाही घेता येईल अशी शाखा ठेवा, चोराने घेतली तर लपून पहिला बाण, पुजाऱ्याने घेतली तर दोर बांधलेला बाण मारून जखमी गड्याला ओढून आणणं, हे मला फार आवडेल.