मदत हवी आहे: अप्रेझलमधल्या ‘वृत्ती’च्या ३० गुणांचं करायचं काय?

ऑफसेट_शून्य

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतलं छोटं मशीनिंग युनिट. माणसं ३८, सुपरवायझर तीन, दोन शिफ्ट. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम होऊन पुढे जातं.

अप्रेझलचा फॉर्म १०० गुणांचा आहे: उत्पादन ४०, गुणवत्ता ३०, ‘वृत्ती व कामावरील निष्ठा’ ३०. एप्रिलची पगारवाढ यावरच ठरते. या वर्षीचे फॉर्म भरून आलेत आणि तिथेच घोडं अडलंय. दोन ऑपरेटर घ्या. ‘अ’ नेमून दिलेलं काम आठ तासांत संपवतो, मशीनिंग रिजेक्शन (खराब ठरलेले नग) १ टक्का, शिफ्ट सुटली की निघतो. त्याला ३६, २७ आणि वृत्तीचे १४, एकूण ७७. ‘ब’चं रिजेक्शन दीड टक्का, पण ओव्हरटाइमला कधीही तयार आणि काहीही सांगितलं तरी ‘हो साहेब’. त्याला ३४, २४ आणि वृत्तीचे २७, एकूण ८५.

सुपरवायझरला विचारलं तर उत्तर एकच: “अ चांगला आहे हो, पण त्याचा अ‍ॅटिट्यूड आहे.”

हा रकाना काढून टाकावा का? ठेवायचा तर मोजायचा कसा? गुळगुळीत सल्ले नकोत, उद्या फॉर्मवर छापता येईल असं काहीतरी सांगा.

गेज_आणि_गुण

सुपरवायझरच्या वाक्यातच उत्तर आहे. इंग्रजीत तो शब्द चांगल्या-वाईट दोन्ही अर्थांनी चालतो. आपल्याकडे ‘त्याचा अ‍ॅटिट्यूड आहे’ म्हणजे सरळ ‘त्याला माज आहे’. तेव्हा त्या रकान्यात कामाबद्दलची वृत्ती मोजली जात नाही, साहेबाशी बोलण्याची रीत मोजली जाते.

ओव्हरटाइमचं म्हणाल तर त्याचे कायद्याने दुप्पट दराने पैसे मिळतात. त्यावर पुन्हा निष्ठेचे गुण म्हणजे एकाच कामाचा मोबदला दोनदा. शिवाय ज्याला ठरावीक पीएमपीएमएल बस गाठायची आहे, किंवा जिला मुलाला पाळणाघरातून आणायचं आहे, ती माणसं या परीक्षेत पहिल्या दिवसापासून नापास. मंजूर रजेचंही तेच. आषाढात वारीला किंवा गणपतीत गावाला गेला म्हणून वृत्तीचे गुण कापायचे असतील तर रजा मंजूर तरी कशाला करायची? न सांगता गैरहजर राहणं वेगळं, ते जरूर मोजा.

पण एक इशारा. ‘अ’चा १ टक्का आणि ‘ब’चा दीड टक्का हा आकडा कितीचा आहे ते आधी बघा. समजा दोघांचे महिन्याला १२०० नग. म्हणजे १२ आणि १८ रिजेक्ट, फरक ६. नुसत्या योगायोगाने या फरकात किती चढउतार होते त्याचा ढोबळ अंदाज म्हणजे दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ. ३० चं वर्गमूळ साडेपाच. तेव्हा एका महिन्याचा ६ चा फरक काहीच सिद्ध करत नाही. हाच हिशेब सहा महिन्यांवर नेला तर ७२ आणि १०८, फरक ३६, वर्गमूळ १३.४. आता तो योगायोग म्हणून सोडता येत नाही.

तेही पार्ट एकच आणि मशीन सारख्या स्थितीचं असेल तरच. जुन्या स्पिंडलवर (मशीनचा फिरणारा दांडा) बसवलेल्या माणसाला रनआउटची, म्हणजे तो दांडा डगमगण्याची, शिक्षा देऊ नका. कास्टिंगमधले ब्लो होल (आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) मशीनिंगनंतर उघडे पडतात. ते फाउंड्रीच्या नावावर गेलेत की ऑपरेटरच्या, हे रजिस्टरमध्ये तपासा. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग आपल्या सेमिनारमध्ये हेच लाल मण्यांच्या खेळाने दाखवत. पांढऱ्यात मिसळलेले लाल मणी, काढायची पद्धत ठरलेली, आणि कमी लाल मणी निघाले म्हणून एकाला शाबासकी, जास्त निघाले म्हणून दुसऱ्याला दम. मणी काढणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

माझं मत: रकाना काढा.

तिसरी_शिफ्ट

वरचा सगळा हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. काढू नका.

बोर्मन आणि मोटोविडलो या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये कामगिरीचे दोन भाग केले. एक, नेमून दिलेलं काम. दुसरा, ते काम ज्या वातावरणात होतं ते सांभाळणारी वागणूक: नवीन पोराला सेटिंग शिकवणं, शिफ्ट बदलताना नीट सांगून जाणं, गडबड दिसली की मशीन थांबवून कळवणं. उत्पादनाच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही. उलट मशीन थांबवून कळवणाऱ्याचा आकडा घटतो. रकाना काढलात तर दर तासाचे नग पळवणारा आणि खराब लॉट गुपचूप पुढे सरकवणारा पहिला येईल.

रकाना ठेवा, त्यातली विशेषणं काढा. निष्ठा, तळमळ, समर्पण हे शब्द फॉर्मवर नकोतच. त्याऐवजी पाहता येतील अशी चार कामं घ्या: हँडओव्हर (पुढच्या शिफ्टकडे काम सोपवणं), पहिल्या नगाची तपासणी, गडबड कळवणं, शिकवणं. प्रत्येकाला १, ३, ५ या आकड्यांसमोर एकेक वाक्य लिहा. हँडओव्हरचं उदाहरण देतो.

५: बदललेला ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती), टूलचं उरलेलं आयुष्य आणि अर्धवट जॉब रजिस्टरमध्ये लिहितो, आणि पुढच्या ऑपरेटरला मशीनपाशी तोंडीही सांगतो.

३: रजिस्टर भरतो, पण महिन्यातून दोन-तीनदा ऑफसेटचा बदल लिहायचा राहतो.

१: रजिस्टर बहुधा कोरं, पुढच्या शिफ्टला पहिला नग घालवून मगच कळतं.

ही पद्धत जुनी आहे, स्मिथ आणि केंडॉल यांची, १९६३ ची. तिची खरी गंमत वाक्यं गाळण्यात आहे. सुपरवायझर आणि सेटरकडून खरे घडलेले प्रसंग गोळा करा, ३०-४० पुरेत. चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा, आणि ज्यांनी ते सांगितले नाहीत अशा चौघांना द्या. कोणती चिठ्ठी कोणत्या कामाखाली आणि किती गुणांची, ते त्यांनी एकमेकांना न विचारता ठरवायचं. चारपैकी तिघांचं जुळलं तर चिठ्ठी ठेवा, नाहीतर फेका. ‘मन लावून काम करतो’ असल्या चिठ्ठ्या इथेच गळतात, कारण ती प्रत्येकजण वेगळ्या खणात टाकतो.

गुण ३० वरून २० करा, चार कामांना पाच-पाच. सुटलेले १० गुणवत्तेला द्या.

फाईल_पुटअप

सरकारी नोकरीच्या बाजूने थोडं. केंद्राच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात प्रत्यक्ष कामाला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेच्या अंगांना ३० असं वजन आहे, आणि कामाकडे पाहण्याची वृत्ती हा वैयक्तिक गुणांतला एक मुद्दा. म्हणजे रकाना तिथेही आहे. फरक असा की शेरा लपवता येत नाही. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक नोंद, चांगलीसुद्धा, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या प्रकरणातला शेरा ‘चांगला’ होता, पण बढतीसाठी ‘अतिउत्तम’ लागत होता, आणि ‘चांगला’ मिळाल्याचं त्या माणसाला कळवलंच नव्हतं. अहवाल मिळाल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात.

तुमच्या युनिटला हा निकाल लागू नाही, पण फॉर्मवर दोन ओळी वाढवायला काय हरकत? ‘गुण वाचून दाखवले, तारीख’ आणि ‘कर्मचाऱ्याचं म्हणणं’. समोर वाचून दाखवायचं म्हटलं की १४ लिहिणारा हात जरा विचार करतो.

ऑफसेट_शून्य

चिठ्ठ्यांचं पटलं. पण सुपरवायझरला वर्षभरातलं आठवणार कसं? फेब्रुवारीत जे झालं तेच मार्चमध्ये लिहितात. आणि एकदा माणूस आवडला की सगळीकडे ५.

तिसरी_शिफ्ट

पहिल्यावर उपाय वही. प्रत्येक सुपरवायझरकडे १२-१३ माणसं येतात. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी शिफ्ट संपताना १५ मिनिटं. ज्यांचं काही नोंदण्यासारखं घडलं त्यांच्यापुरत्या दोन ओळी: तारीख, काय घडलं, त्याने काय केलं, परिणाम काय झाला. ‘चांगलं काम’ असं लिहिलेली ओळ बाद. ‘१२ तारीख, बोअर (आतलं भोक) मोठा जातोय हे पाचव्या नगाला लक्षात आलं, मशीन थांबवलं, इन्सर्ट (टूलचं पातं) बदलला, चार नग वेगळे काढले’ ही ओळ चालेल.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. वही तक्रारवही होते, म्हणून प्रत्येकाची महिन्याला किमान एक चांगली नोंद सक्तीची करा. आणि शांत माणसाचं पान कोरं राहतं, कारण त्याच्या मशीनवर काही बोंबच होत नाही. महिनाअखेर ज्याचं पान कोरं त्याच्या मशीनपाशी अर्धा तास उभं राहायचं. बहुधा तुमचा ‘अ’ असाच सापडेल.

दुसऱ्या दोषावर मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्येच बोट ठेवलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले बुद्धीचे, शरीराचे, नेतृत्वाचे गुण एकमेकांशी नको इतके जुळत होते. उपाय फुकटचा आहे: एका माणसाचा अख्खा फॉर्म एका बैठकीत भरू नका. आधी सगळ्यांचं हँडओव्हर, मग सगळ्यांची पहिल्या नगाची तपासणी, असं उभं जा. भरून झाल्यावर एक्सेलमध्ये दोन रकान्यांचा सहसंबंध (दोन्हींचे गुण किती सोबत चढतात-उतरतात, जास्तीत जास्त १) काढा, फंक्शनचं नाव ‘कोरेल’. १२-१३ माणसांवर तो आकडा कच्चाच असतो, पण ०.९ च्या वर गेला तर सुपरवायझरने बहुधा एकच गुण दोनदा लिहिलाय. त्याला वही घेऊन बोलवा.

मग तिन्ही सुपरवायझरना एकत्र बसवा. काठावरच्या माणसांचीच चर्चा करा, सगळ्या ३८ जणांची काढलीत तर चहा संपेल, यादी संपणार नाही. गुण बदलायचा तर वहीतली नोंद दाखवून. ‘मला वाटतं’वर बदल नाही.

गेज_आणि_गुण

विशेषणं जाणार असतील तर माझा विरोध मागे. दोन गोष्टी जोडतो.

‘खूश माणूस म्हणजे चांगला कामगार’ हे समीकरणही सुपरवायझरच्या डोक्यातून काढा. समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध १९८५ च्या एका मोठ्या आढाव्यात ०.१७ निघाला, २००१ च्या आढाव्यात ०.३०. मोठा आकडा धरला तरी त्याचा वर्ग ०.०९. म्हणजे कामगिरीतल्या फरकाचा ९ टक्के भाग समाधानाशी जुळतो, बाकीचा नाही. तोंड पाडून अचूक काम करणारे असतातच, पुण्यात तर विशेष.

दुसरं, बोलणं आणि पगारवाढ एका दिवशी नको. क्लुगर आणि डेनिसी यांच्या १९९६ च्या आढाव्यात अभिप्रायानंतर एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट घसरलेली दिसली. बोलणं कामावरून माणसावर सरकलं की हा धोका वाढतो. पाकिटाकडे डोळे असताना कोण ऐकणार? वही उघडून बोलणं जानेवारीत आणि जुलैमध्ये, पत्र एप्रिलमध्ये. ‘तू निष्काळजी आहेस’ नाही. ‘या तीन तारखांना ऑफसेट लिहिला नव्हता, काय अडलं?’ असं. कधी कधी उत्तर येतं की रजिस्टर दुसऱ्या मशीनला टांगलेलं असतं. मग रजिस्टर हलवायचं, माणूस नाही.

ऑफसेट_शून्य

सगळ्यांचे आभार. वही या आठवड्यापासून सुरू करतो, चिठ्ठ्या पुढच्या महिन्यात. पण या वर्षीच्या भरलेल्या फॉर्मचं काय? पत्रं तोंडावर आलीत.

तिसरी_शिफ्ट

या वर्षी वृत्तीचा रकाना हिशेबातून वगळा. उरलेल्या ७० पैकी गुण घेऊन १०० वर आणा: ‘अ’चे ६३ म्हणजे ९०, ‘ब’चे ५८ म्हणजे साधारण ८३. त्याआधी रिजेक्शनचे आकडे सहा महिन्यांचे घ्या आणि ब्लो होलचे नग वजा करा, त्यात क्रम बदलू शकतो. ‘ब’ला वृत्तीचे २७ तोंडी कळवून झाले असतील तर पत्र हातात ठेवण्याआधी सुपरवायझरलाच सोबत बसवून त्याला बदल सांगा.