मदत हवी आहे: अटीतटीच्या फेरीचे गुण कोणाला द्यावेत? (गोलोव्हकिन विरुद्ध कॅनेलो, २०१७)

नमस्कार मंडळी,

मी व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या जुन्या लढती समालोचनाचा आवाज बंद ठेवून पाहतो आणि प्रत्येक फेरी संपली की वहीत गुण मांडतो. १६ सप्टेंबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये झालेल्या गेनादी गोलोव्हकिन आणि कॅनेलो आल्वारेझ यांच्या लढतीपाशी मात्र माझे गाडे अडले आहे. प्रत्येक फेरीत सरस ठरणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला बहुधा ९ गुण मिळतात. पंच डेव्ह मोरेट्टी यांनी ११५-११३ असा कौल गोलोव्हकिनला दिला, डॉन ट्रेला यांनी ११४-११४ गुण दिले आणि ॲडलेड बर्ड यांनी ११८-११०, म्हणजे बारापैकी तब्बल दहा फेऱ्या, कॅनेलोच्या पदरात टाकल्या. लढत बरोबरीत सुटली.

लोकांचा राग बर्ड यांच्यावर निघाला आणि तो मला रास्तच वाटतो. परंतु त्यांनी कॅनेलोला ११५-११३ असे गुण दिले असते, तरी निकाल बदलला नसता. ट्रेला यांनी सातवी फेरी कॅनेलोऐवजी गोलोव्हकिनला दिली असती, तर मात्र गोलोव्हकिन जिंकला असता. म्हणूनच एकेका फेरीचा न्याय कसा करतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

कॅनेलो पाठ दोरांना टेकवून उभा राहतो, कमरेतून झुकत जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवतो, दोन-तीन ठोसे ग्लोव्हजवर आणि दंडांवर झेलतो आणि मग एकच सणसणीत ठोसा बरगड्यांत लगावतो. तेवढ्या वेळात गोलोव्हकिन मात्र सतत पुढे सरकत असतो. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरील नियंत्रण आणि बचाव हे चार निकष मला पाठ आहेत, पण अशा फेरीत त्यांतले दोन एकाकडे आणि दोन दुसऱ्याकडे झुकतात. लागलेल्या ठोशांची मोजणी गोलोव्हकिन २१८ आणि कॅनेलो १६९ अशी आहे. मात्र तीत हलका जॅब आणि जबर हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) यांची किंमत सारखीच धरली जाते, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

आपल्यापैकी कोणी जिल्हा किंवा राज्य पातळीवर पंच म्हणून काम केले असेल, तर कृपया सांगावे: प्रतिस्पर्ध्याला दोरांपर्यंत रेटत नेले, पण ठोसे नेमके लागले नाहीत, तर त्या दबावाला कितपत वजन द्यावे? शिवाय प्रत्येक पंच रिंगच्या आपापल्या एका बाजूला बसलेला असताना खेळाडूची पाठ त्याच्याकडे वळली, तर पलीकडे लागलेला ठोसा तो कशावरून ठरवतो?