छोट्या फुटबॉल क्लबच्या सामन्यांना प्रेक्षक कसे आणावेत? (पुणे, बजेट १५ हजार)

डावाबॅक
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमचा क्लब पुण्यातल्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळतो. पोरं मेहनती आहेत, गेल्या हंगामात वरच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता राहिलो. पण सामना बघायला कोण असतं, तर राखीव खेळाडू, चार-दोन पालक आणि समोरच्या संघाची मंडळी. पोरगा पंचवीस यार्डांवरून गोल मारतो आणि टाळ्या वाजवायला कोणी नसतं, याचं फार वाईट वाटतं.

मैदान कॉलेजचं, भाड्यानं. गॅलरी नाही, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, शंभरेक माणसं बसतील. सामने बहुतेक दुपारी उशिरा. तारीख साधारण आठवडाभर आधी कळते. पूर्ण हंगामासाठी १५ हजार रुपये हाताशी आहेत, त्यापलीकडे एक रुपयासुद्धा नाही. त्या पायऱ्या भराव्यात एवढंच पाहिजे. काय करू?

तालीमकर
भावा, कोल्हापूरला ये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की दुपारपासनं पेठ रिकामी. म्हातारी माणसंसुद्धा टोपी घालून पायऱ्यांवर येऊन बसत्यात. पोस्टर लावावं लागत नाही का रिक्षा फिरवावी लागत नाही. नाद हाय नाद!

डावाबॅक
तालीमकर, तेच विचारतोय हो. हा नाद लागतो कसा?

तालीमकर
संघाचं नाव गल्लीचं असतंय म्हणून. प्रॅक्टिस क्लब म्हण, खंडोबा म्हण, बालगोपाल म्हण, फुलेवाडी म्हण, प्रत्येकाच्या मागं एक तालीम नाहीतर एक पेठ हाय. शाहू महाराजांच्या काळापासनं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हं, भागाची पोरं तिथंच वाढत्यात. मग मैदानात उतरणारा गडी कोण, तर समोरच्या घरातला. त्याला बघायला आई येती, काका येतो, चहावाला येतो. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो असल्याच वातावरणातनं आला. तुमच्या संघात पोरं कुठली? एका भागातली हाईत का सगळीकडची?

डावाबॅक
सगळीकडची. निम्मी पेठांतली, बाकी खडकी, वारजे, हडपसर.

तालीमकर
मग अवघड हाय.

कूपरेजचा कट्टा
अवघड काही नाही, आधी बसायची नीट सोय करा. आम्ही मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप बघत वाढलो. १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा, २०००-०१ च्या सुमारास बंद पडली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, नंतर महिंद्रा, कंपन्यांचे संघ असायचे आणि कामगार पाळी संपवून थेट मैदानात. तुम्ही सरळ पाचशे माणसांची लोखंडी गॅलरी भाड्यानं घ्या आणि वर मांडव घाला. उन्हात कोण बसणार? आमच्या भागातल्या स्पर्धेला आम्ही तसंच केलं होतं, तुडुंब गर्दी झाली.

हिशेबनीस
एका दिवसाला किती पैसे लागले तेही लिहा. धागाकर्त्याचं बजेट १५ हजार आहे आणि ते पूर्ण हंगामाचं.

कूपरेजचा कट्टा
प्रायोजक मिळतो हो. मागायला गेलं पाहिजे.

शूटआउट
माझं मत, एलईडी स्कोअरबोर्ड घ्या. आमच्या टर्फवर बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं सेल्फी काढायला यायला लागली. साठ-सत्तर हजारांत चांगला येतो. सोबत ड्रोननं शूटिंग करून यूट्यूबवर टाका.

हिशेबनीस
बजेट १५ हजार.

बालेवाडी रिटर्न
मी पुणे एफसीच्या काळातला माणूस. २०१२-१३ मध्ये आपला संघ आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग) दुसरा आला होता, हे आज पुण्यात किती जणांना आठवतंय? संघ उत्तम होता. पण सदाशिव पेठेतून बालेवाडीच्या स्टेडियमवर जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, परतीची बस वेळेवर मिळेल याची खात्री नाही. पुढे तो क्लब गेला, मग २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा दुसरा क्लबही बंद झाला. म्हणून सांगतो, खेळ चांगला केला म्हणजे लोक येतात हे खरं नाही. मैदानापासून चालत पंधरा मिनिटांवर जी घरं आहेत, ती तुमची मोठी जमेची बाजू. त्या पंधरा मिनिटांच्या परिघाबाहेर एक पैसाही खर्च करू नका.

खेळाडूची आई
माझा मुलगा चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो (दुसऱ्या क्लबकडून). मी सांगते पालक का येत नाहीत. मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह नसतं. असलं तर कुलूप लावलेलं आणि किल्ली शिपाईदादांकडे. एक माणूस आला की त्याला दोन तास थांबता आलं पाहिजे, एवढं बघितलंत तरी प्रत्येक खेळाडूमागे घरातली दोन माणसं येतील. प्यायच्या पाण्याचा जार ठेवा. आणि सामना पाचला म्हणजे पाचला सुरू करा. साडेपाचपर्यंत वॉर्मअप बघत बसायला कोणाला वेळ नाही, घरी जाऊन कुकर लावायचा असतो.

डावाबॅक
ताई, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसात उद्याच विचारतो.

ढोलताशा ११
मालक, सोप्पं आहे. पथक बोलवा! आमचं पथक नदीपात्रात सरावाला लागलं की पुलावर माणसं थांबून ऐकतात. सरावाच्या महिन्यांत एखाद्या सामन्याला आम्ही फुकट वाजवू. ध्वज नाचवू. गोल झाला की टोल!

खेळाडूची आई
दुपारी पाच वाजता, दहावी-बारावीची मुलं अभ्यासाला बसलेली असताना? फेब्रुवारी-मार्चमध्ये तरी नको.

बालेवाडी रिटर्न
शिवाय जवळपास रुग्णालय असेल तर शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. शाळा, कॉलेज, न्यायालय यांनाही तोच नियम. आधी तपासा.

ढोलताशा ११
गणपतीत कोणी तपासत नाही.

बालेवाडी रिटर्न
तपासतात. आमच्या मंडळाला नोटीस आलेली आहे.

ढोलताशा ११
ती डीजेसाठी असेल. ढोल म्हणजे आपली परंपरा आहे, डीजेच्या पंगतीत बसवू नका.

संपादक मंडळ
ढोल विरुद्ध डीजे यासाठी वेगळा धागा आहे. इथे विषयाला धरून लिहा.

पेडणेकार
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे फुटबॉल रक्तात आहे असं सगळे म्हणतात, पण मोठ्या क्लबांचं काय झालं बघा. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकला. साळगावकर २०१०-११ चा विजेता, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. त्याच काळात गावागावांच्या स्पर्धांना मात्र मैदानाच्या कडेनं उभं राहायला जागा मिळत नाही. वाड्याची टीम असते, फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवसांत फायनल असते, ऑम्लेट-पावाचा गाडा लागतो. तारीख वर्षानुवर्षं ठरलेली. मुंबईला नोकरीला गेलेला माणूससुद्धा तेव्हा रजा काढून येतो. तालीमकर म्हणतात तेच मी म्हणतो, माणूस आपल्या माणसाला बघायला येतो.

आता काय करायचं ते सांगतो. लीगच्या तारखा तुमच्या हातात नाहीत ना? मग एक सामना स्वतःच्या हातातला ठेवा. हंगामाआधी मैत्रीपूर्ण सामना, तारीख महिनाभर आधी जाहीर, दर वर्षी तोच रविवार. त्याला लोक आणा, खेळाडूंची ओळख करून द्या. मग लीगला त्यांतले निम्मे तरी येतील.

तालीमकर
गोव्याची गर्दी आमच्याएवढी नसंल. पण मुद्दा बरोबर हाय.

पेडणेकार
मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर येऊन बघा एकदा.

टेम्सकाठी
दक्षिण लंडनमध्ये राहते. इथे डलिच हॅम्लेट नावाचा क्लब आहे, इंग्लंडच्या व्यवस्थेत बऱ्याच खालच्या पायरीवर. पूर्वी काहीशे माणसं यायची, आता मोठ्या दिवशी दोन-तीन हजार होतात. गुलाबी-निळे मफलर घालून लोक लहान मुलांना घेऊन येतात. त्यांनी भागातल्या दुकानांत पोस्टर लावली, तिकीट परवडेल असं ठेवलं आणि गोलमागे उभं राहून गाणाऱ्या लोकांना त्यांच्या पद्धतीनं गाऊ दिलं. २०१८ मध्ये जागेच्या मालकाशी वाद होऊन क्लबला स्वतःच्याच मैदानाबाहेर पडावं लागलं, तेव्हा अख्खा भाग पाठीशी उभा राहिला आणि वर्षअखेरीस क्लब परतला.

आणखी एक. इथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत. लहान क्लबांची गर्दी टीव्हीनं खाऊ नये म्हणून कित्येक दशकं जपलेला नियम आहे. २०१० पासून 'नॉन-लीग डे' असतो, प्रीमियर लीगला आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी सुट्टी असते त्या शनिवारी. मोठ्या संघाचा चाहता त्या दिवशी मोकळा असतो, त्याला जवळच्या छोट्या क्लबकडे बोलावतात. तुम्हीही तेच करा. प्रीमियर लीगचा दिवसाचा पहिला सामना हिवाळ्यात भारतात सहाला सुरू होतो, मुख्य सामने साडेआठला. पुण्यात आर्सेनल, युनायटेड, लिव्हरपूलचे चाहते कॅफेत एकत्र जमतात. त्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात त्यांना बोलवा. खर्च शून्य.

शूटआउट
तिथे बिअर मिळते म्हणून गर्दी.

टेम्सकाठी
मिळते. पण बिअर तर प्रत्येक कोपऱ्यावर मिळते, त्यासाठी पावसात दोन तास कोणी उभं राहत नाही.

गोदाकाठ
व्हिडिओ करा व्हिडिओ. २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारत चायनीज तैपेईशी खेळला, ५-० नं जिंकला, कप्तान सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला अडीच हजार माणसं. मग छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले की या, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढचा केनियाचा सामना हाउसफुल्ल! पाऊस पडत होता तरी कोणी हललं नाही. त्याचा शंभरावा सामना होता, ३-० नं जिंकलो. मी होतो तिथे, मित्रांना घेऊन नाशिकहून गेलो होतो. घसा बसला होता.

हिशेबनीस
तो छेत्री होता. यांच्या गोलकीपरचा व्हिडिओ कोण बघणार?

गोदाकाठ
त्याच्या सोसायटीतले बघतील. त्यांनाच तर आणायचंय. छेत्रीनं जाहिरात केली नव्हती, सरळ विनंती केली होती. आपण लोकांना कधी या म्हणतच नाही, ते आपणहून येतील असं धरून चालतो.

शूटआउट
मी वर म्हणालोच होतो, यूट्यूबवर टाका.

हिशेबनीस
माझे दोन पैसे. काहीही करा, प्रवेश फुकट ठेवा. तिकीट लावलंत तर आहेत तेही जातील. तिकिटासाठी आयोजकांची आणि कॉलेजची परवानगी लागेल ती वेगळीच.

कूपरेजचा कट्टा
फुकटच ठेवा. सहमत.

पेडणेकार
फुकट. वर लॉटरी काढा, ब्रेकमध्ये नारळ किंवा कोंबडा.

खेळाडूची आई
फुकटच हवं. आणि मध्यंतरात दहा मिनिटं लहान मुलांचा सामना ठेवा. जवळच्या शाळेतल्या वीस मुलांना बोलावलंत तर चाळीस पालक आलेच समजा.

तालीमकर
आमच्याकडं मोठ्या मॅचला तिकीट असतंय आणि लोक रांग लावत्यात. पण तुमच्याकडं आत्ता फुकटच ठेव भावा.

डावाबॅक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल क्लबात बसून बोललो. गॅलरी, स्कोअरबोर्ड, ड्रोन जमणार नाही. ढोल फक्त सप्टेंबरमधल्या मैत्रीपूर्ण सामन्याला, शांतता क्षेत्र येतं का ते बघून. त्या सामन्याचा रविवार पेडणेकार म्हणतात तसा कायमचा ठरवतोय. स्वच्छतागृहाची किल्ली सामन्याच्या दिवशी आमच्याकडे द्यायला कॉलेज तयार झालंय, साफसफाईचे पैसे आम्ही देऊ. मध्यंतरात शाळेच्या मुलांचा सामना नक्की.

पण प्रवेशाबाबत तुम्हा सगळ्यांच्या विरुद्ध जातोय. गेटवर तिकीट नाही, कोणीही आत येऊ शकेल. मात्र ५० रुपयांचं हंगामाचं कार्ड काढतोय. त्यावर क्लबचं नाव, खेळाडूंची यादी, कोण कुठल्या भागातला ते, आणि पाठीमागे नऊ रिकामे चौकोन. सामन्याला आलात की शिक्का. सहा शिक्के झाले की हंगामाच्या शेवटी खेळाडूंबरोबर जेवण. प्रत्येक खेळाडूनं दहा कार्डं स्वतः ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायची, पैसे घेऊन. फुकटचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर वाहून जातं, आम्ही बघितलंय. ५० रुपये देणारा माणूस निदान विचारतो तरी, सामना कधी आहे म्हणून. तारीख कळली की त्याच कार्डवाल्यांना खेळाडूनं स्वतः फोन करायचा. छपाईला दोन-अडीच हजार लागतील.

हिशेबनीस
कार्डं खपणार नाहीत. पण पावती पुस्तक ठेवा आणि जमा-खर्च सगळ्यांना दाखवा, नाहीतर हंगाम संपायच्या आत भांडणं होतील.

खेळाडूची आई
मला दोन कार्डं ठेवा. दुसऱ्या क्लबची असले तरी चालेल ना?

डावाबॅक
चालेल म्हणजे काय, ताई! पळेल.

तालीमकर
हडपसरचा गडी कार्ड कुठं खपवणार? हडपसरातच. मग तिथनं माणूस मॅचला येणार का? खेळाडूच्या घरापासनं मैदानापर्यंत एक टेम्पो कर, कार्डवाल्यांना त्यात घे. आमच्या तालमीची पोरं बाहेरगावी मॅचला अशीच जात्यात.

डावाबॅक
टेम्पोचा विचार केला नव्हता. एका फेरीचं भाडं काढतो. आणि तालीमकर, सप्टेंबरच्या सामन्यासाठी तुमच्या तालमीचा संघ येईल का? राहायची सोय आमच्या घरांमध्ये करू, जेवण आमच्याकडे.

तालीमकर
सप्टेंबरात पोरं गणपतीच्या कामात असत्यात. विसर्जनानंतरचा रविवार धरलास तर विचारून सांगतो. सिनियर संघ नाही जमला तर एकोणीस वर्षांखालची पोरं आणतो. तांबडा-पांढरा मात्र आम्ही करणार, तुमच्यावर सोडणार नाही.