झॅप्फिनो: नावापुरता की सगळीकडे?

बोरूवाला:
माझं मत आधीच सांगतो. झॅप्फिनो हा हस्ताक्षरासारखा इंग्रजी फॉन्ट लोगोसाठी वापरूच नये. अक्षर देखणं आहे, त्यात वाद नाही. जर्मन अक्षररचनाकार हरमन झॅप्फ यांनी १९४४ साली हाताने लिहिलेल्या एका पानावरून तो घडला आणि १९९८ मध्ये लिनोटाइप या फॉन्ट कंपनीने बाजारात आणला. पुढे ॲपलच्या मॅक संगणकांवर तो आयता मिळू लागला आणि स्पा, बुटीक, केकवाले, योगवर्ग अशा सगळ्यांची नावं एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसायला लागली. दुकानाची ओळख हवी असेल, तर सुलेखनकाराकडून नाव लिहून घ्या.

डीटीपीवाली ताई:
दादा, अजिबात पटलं नाही. सुलेखनकार प्रत्येक गिऱ्हाइकाला परवडत नाही. आणि नावं सारखी दिसतात, कारण लोक नुसतं टाइप करून मोकळे होतात. पहिल्याच आवृत्तीत चार अक्षरसंच होते, शिवाय लिगेचर, म्हणजे दोन-तीन अक्षरं जोडून केलेली रूपं, वेगळे. एकाच 'डी'ची शेपूट कुठे लांब मागे वळते, कुठे आखूडच राहते. नाव जुळवताना एकेक रूप लावून बघायचं, शेजारच्या अक्षराला भिडलं की बदलायचं. एवढे कष्ट घेतले तर दोन नावं कधीच सारखी दिसणार नाहीत.

छापखाना:
ताईंशी सहमत, पण एक अट. मजकुरासाठी नको! लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं झॅप्फिनोत आणि पत्ता, वेळ साध्या अक्षरात, एवढंच. कालच एका पत्रिकेत अख्खा मजकूर त्यातच आला होता. वरच्या ओळीची शेपटं खालच्या ओळीतल्या अक्षरांवर चढलेली, मुहूर्ताची वेळ वाचताच येईना. ओळींतलं अंतर भरपूर वाढवावं लागतं, मग पत्रिकेत जागा उरत नाही. अक्षरांमधलं अंतर तर वाढवूच नका, जोड तुटतात. सगळी कॅपिटल अक्षरं लावली तर लपेट्यांचा नुसता गुंता होतो.

बोरूवाला:
रूपं निवडायचा मुद्दा मान्य, पण माझं मत तेच. पत्रिकेची दुसरी बाजू मराठी असते, तिचं काय? देवनागरीच्या बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट तिरपा असतो, म्हणून जाड-बारीक रेघा उलट दिशेला पडतात. एका बाजूला झॅप्फिनोची नाजूक, उजवीकडे झुकलेली अक्षरं आणि उलटून पाहिलं की जाड शिरोरेघेचा ठोकळा फॉन्ट. एका घरची पत्रिका वाटतच नाही.

डीटीपीवाली ताई:
हे मात्र खरं. पण त्याचा दोष झॅप्फिनोवर कशाला? तोलामोलाची देवनागरी शोधा, किंवा मराठी नावं तेवढी हाताने लिहून घ्या. दोनच नावं असली, तर तो खर्च बहुतेक घरांना झेपतो.

छापखाना:
आणि सोनेरी फॉइल असेल तर आकार मोठाच ठेवा. बारीक रेघेवर फॉइल नीट बसत नाही, 'एफ'चं टोक हमखास तुटतं. आधी एक नमुना काढून बघा, मगच बाकीच्या छापा.