रानडे आणि आंबेडकर: समाजसुधारणेचा अर्थ दोघांचा एकच होता का?

प्रश्न:
एम. ए.च्या प्रबंधासाठी मी न्या. रानडे आणि डॉ. आंबेडकर यांच्या विचारांची तुलना करीत आहे. राजकीय प्रगतीला समाजसुधारणेचा आधार हवा, हे दोघांनाही मान्य होते. १८ जानेवारी १९४३ रोजी रानड्यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त पुण्यात बोलताना बाबासाहेबांनी त्यांचा गौरवही केला. मग दोघांना एकाच परंपरेत बसवावे काय?

प्रतिसाद १:
तसे केल्यास मुख्य भेद हातून निसटेल. रानड्यांच्या पुढाकाराने १८८७ साली सुरू झालेल्या सामाजिक परिषदेपुढचे प्रश्न प्रामुख्याने बालविवाह, विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण हे होते, म्हणजेच उच्चवर्णीय कुटुंबाच्या सुधारणेचे. ही परिषद काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून त्याच मंडपात भरत असे; १८९५ साली पुण्यात तो मंडप तिला नाकारला गेला, त्यामागे केवळ विरोधकांची दांडगाई होती असे आपण सहसा मानतो. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात मात्र कुटुंबसुधारणा आणि समाजाची पुनर्रचना असा स्पष्ट फरक करून, जातिनिर्मूलनाचा प्रश्न परिषदेने हाती घेतलाच नाही आणि म्हणून तिचा पराभव झाला, असे मांडले. आपल्या प्रबंधात जोतीराव फुल्यांना स्थान नसेल तर ते अवश्य द्यावे, कारण त्यांचा सत्यशोधक समाज १८७३ सालचा आहे, परिषदेच्या १४ वर्षे आधीचा.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, परंतु रानड्यांवर अन्याय होऊ नये. राजकीय हक्क, अर्थव्यवस्था, धर्मकल्पना आणि समाजरचना ही परस्परांत गुंतलेली आहेत, एक अंग दुबळे राहिले तर दुसरे सुदृढ होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ‘आधी सामाजिक, मग राजकीय’ हे बिरूद त्यांना नीट लागू पडत नाही. पुणे सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेतले त्यांचे कामच पाहा. माझ्या मते खरा फरक परिवर्तन घडवणार कोण, यात आहे. रानड्यांचा भरवसा सुशिक्षितांच्या विवेकावर आणि संथ उत्क्रांतीवर होता, तर बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांनाच चवदार तळ्यावर नेले. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा कोलंबियातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा विचार त्यांनी जातिव्यवस्थेला लावून पाहिला, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला, राजकारणात समता पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा त्याच विचारातून आलेला आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. परिवर्तनाचा कर्ता कोण, या प्रश्नाभोवती प्रकरणांची फेरमांडणी करतो आणि पहिले प्रकरण जोतीरावांपासूनच सुरू करतो.