मदत हवी आहे: जुने एक्स-रे नसतील तर पेरी-इम्प्लांटायटिस (दाताच्या इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजणं) कसा ठरवावा?

इम्प्लांटभोवतीच्या हाडाच्या झिजेवर अभ्यास करतेय. निम्म्या रुग्णांचे कॅप बसवतानाचे एक्स-रे मिळतच नाहीत. त्यांना हिरड्या आणि इम्प्लांटच्या आजारांवरच्या २०१७ च्या जागतिक वर्कशॉपचा निकष लावला: प्रोबिंगला (हिरडीच्या फटीत बारीक मोजपट्टी घालून तपासताना) रक्त किंवा पू, फटीची खोली किमान ६ मिमी, आणि इम्प्लांटच्या हाडातल्या भागाच्या वरच्या टोकापासून हाड किमान ३ मिमी खाली. बाकीच्यांत जुन्या एक्स-रेशी तुलना केली. एकेका रुग्णाचे अनेक इम्प्लांट आहेत, म्हणून मल्टिलेव्हल मॉडेल (एकाच रुग्णाचे इम्प्लांट एका गटात धरणारी सांख्यिकी पद्धत) वापरलंय. तिथे अडचण नाही.

पण ३ मिमीच्या अटीत सुरुवातीची झीज निसटते, आणि नेमके तेच रुग्ण वेळेत सापडायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पुन्हा बोलावून तपासणं शक्य नाही. मग दोन्ही गटांचं प्रमाण एकत्र द्यावं, की वेगवेगळं?