डिझेलचं ट्विन विमान: मल्टी-इंजिन शिकायला बरं की वाईट?

सीपीएलवाला:
गोंदियाच्या बिरसी विमानतळावर ज्यांनी डायमंड कंपनीची विमानं उडताना पाहिलीत त्यांना डीए-४२ वेगळं सांगायला नको. चार सीटचं, लांब सडपातळ पंखांचं, आणि दोन्ही इंजिनं डिझेलची. माझं मत आधीच सांगून टाकतो, मल्टी-इंजिन रेटिंगसाठी, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवायच्या परवानगीसाठी, आज मला तरी याच्याहून चांगलं विमान दिसत नाही. ऑस्ट्रियात वीनर नॉयश्टाटला बनलं, डिसेंबर २००२ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि ऑगस्ट २००४ मध्ये कॅनडातल्या सेंट जॉन्सहून निघून अटलांटिक पार करत कुठेही न थांबता थेट पोर्तुगालच्या पोर्तोला उतरलं, साडेबारा तासांत, दोन्ही इंजिनं मिळून तासाला जेमतेम २२ लिटर पिऊन. आणि पितं काय, तर जेट ए-१, म्हणजे एअरबसमध्ये भरतात तेच एटीएफ. अ‍ॅवगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, आपल्याकडे बाहेरून यायचं, इंडियन ऑइलने वडोदऱ्यात बनवलेलं बाजारात आलं ते २०२२ मध्ये, शिवाय त्यात शिसं असतं ते वेगळंच. मग पेट्रोलच्या ट्विनवर, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानावर, पोरांच्या आईबापांचे पैसे का जाळायचे?

जुनापाना:
इंधनाचं पटलं, बाकीचं नाही. ट्विन शिकायचं म्हणजे एक इंजिन गेल्यावर हातपाय काय करतात ते शिकायचं. जुन्या सेनेकात, म्हणजे पेट्रोलच्या ट्विनमध्ये, सहा लिव्हर: दोन थ्रॉटल (ताकदीचे), दोन प्रॉप (प्रोपेलरचे), दोन मिक्स्चर (हवा-इंधनाच्या मिश्रणाचे). इंजिन गेलं की नाक त्या बाजूला ओढलं जातं, विरुद्ध पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबायचा, जो पाय मोकळा राहिला त्या बाजूचं इंजिन मेलं, मग त्याचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची आणि मगच पंखा, म्हणजे प्रोपेलर, फेदर करायचा, म्हणजे त्याची पाती हवेला आडवी न राहता समांतर वळवायची. चांगल्या इंजिनाचा लिव्हर ओढून जीव गमावलेले वैमानिक आहेत हो. डीए-४२ मध्ये काय, दोन लिव्हर आणि प्रत्येक इंजिनाचा मास्टर स्विच, तो बंद केला की पंखा आपोआप फेदर. सगळं मशीननेच केलं तर पोरगं शिकणार काय?

सीपीएलवाला:
पण दादा, ते पोरगं पुढे जाणार कुठे? एअरबस ए-३२० वर. तिथेही दोनच लिव्हर, खाली दोन इंजिन मास्टर, मिक्स्चर नावालाही नाही. चुकीचं इंजिन बंद करायचा धोका तिथेही तेवढाच आहे, म्हणजे ओळखायची शिस्त शिकवायला पाहिजे, लिव्हर मोजायची नाही.

हँगरमधला:
तुम्ही दोघं लिव्हरवर अडलात, खरा मुद्दा विजेचा आहे. ४ मार्च २००७, जर्मनीतलं श्पायर, विमान डीए-४२. बॅटरी उतरलेली, म्हणून दोन्ही इंजिनं ग्राउंड पॉवर, म्हणजे जमिनीवरची बाहेरची वीज, लावून सुरू केली, मॅन्युअल सांगत होतं की एक तसं सुरू करा आणि दुसरं विमानाच्या स्वतःच्या विजेवर. टेकऑफ झालं, चाकं वर घेतली, चाकं उचलणाऱ्या पंपाने वीज खेचली, व्होल्टेज क्षणभर पडलं, इंजिनांचे कॉम्प्युटर गचकले आणि दोन्ही पंखे फेदर. एकाच वेळी! जीव गेला नाही कुणाचा, पण विमान मोडलं. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या, पेट्रोल इंजिनाला बॅटरी मेली तरी फरक पडत नाही. नंतर या कॉम्प्युटरना स्वतंत्र बॅकअप बॅटरी आली हे खरं, पण ती आधी का नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.
आणि डीए-४२ चं ते पहिलं, थीलर्ट कंपनीचं इंजिन, मर्सिडीज ए-क्लासच्या गाडीवरून केलेलं, १३५ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स दर ३०० तासांनी तपासणीला. २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मालक वॉरंटीचे कागद हातात धरून बसले. शेवटी डायमंडने स्वतःच ऑस्ट्रो इंजिन उभं केलं, एई-३००, १६८ हॉर्सपॉवर, तेही मर्सिडीजच्याच इंजिनावरून. २००९ पासून तेच बसतं आणि ते खरंच दणकट आहे, हे मान्य करतो.

नकाशेवाला:
शाळेच्या बाहेरही बघा जरा. हवाई सर्व्हे, लिडार (लेसरने जमीन मोजणं), पाळत, या कामाला हेच विमान वापरतात कारण तेल कमी लागतं म्हणून तासन्‌तास वर राहतं, आवाज कमी, आणि नाकावर प्रोपेलर नसल्याने तिथे कॅमेरा बसतो. इस्रायलच्या एरोनॉटिक्स कंपनीने तर याच सांगाड्यातून माणूस काढून डॉमिनेटर नावाचं ड्रोन केलं. एवढा भरवसा उगाच कोणी ठेवत नाही.

गोंदियाची पोर:
मी यावरच मल्टी केलं म्हणून लिहिते. मे महिना, विदर्भातलं ऊन, वरची काच म्हणजे भट्टी, शर्ट पाठीला चिकटलेला. सरांनी चेकलिस्टचं कार्ड लिव्हरवर आडवं धरलं आणि मागून एक इंजिन आयडलला, म्हणजे अगदी कमी ताकदीवर, ओढलं, मला कळू न देता. नाक डावीकडे गेलं, मी उजवा रडर दाबला आणि तो पाय इतका थरथरत होता की गुडघा पॅनेलला लागला. मी "डावं" म्हणाले, सर म्हणाले, "खात्री कर." मास्टरकडे हात गेला होता तो मागे घेतला, आधी लिव्हर हलवून बघितला. जुनापाना काका, पायाचं काम कुठल्याच कॉम्प्युटरने केलं नाही.

जुनापाना:
पोरी, पायाचं मानलं, आणि सरांनी बरोबर शिकवलंय. पण श्पायरचं मी सोडणार नाही. बॅटरी उतरलेली सापडली तर ग्राउंड पॉवर लावून निघायची घाई करू नकोस, आधी ती चार्ज होऊ दे, मग भले तुझा उड्डाणाचा स्लॉट जाईना का.